मागच्या बाकाचे मत

लोकसभेत कोणी कुठे बसायचे हे त्रैराशिकाने ठरते. पक्षाची सदस्यसंख्या गुणिले त्या रांगेतल्या जागा, भागिले सभागृहातल्या एकूण जागा. समजा सभागृह ५५० जागांचे आहे, पहिल्या रांगेत २० खुर्च्या आहेत आणि एका पक्षाचे ११० खासदार आहेत, तर पहिल्या रांगेतल्या ४ खुर्च्या त्या पक्षाच्या वाट्याला येतात. पाच किंवा अधिक सदस्य असलेल्या पक्षांना हे सूत्र लागू होते. अपक्ष आणि दोन-चार खासदारांचे पक्ष कुठे बसतील ते अध्यक्ष ज्येष्ठता वगैरे पाहून ठरवतात. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. डावीकडची पहिली खुर्ची उपाध्यक्षांची, तिच्या शेजारी विरोधी पक्षनेता. (१७व्या लोकसभेने पाच वर्षांत उपाध्यक्षच निवडला नाही आणि अधिकृत विरोधी पक्षनेताही तेव्हा नव्हता, त्यामुळे या दोन्ही खुर्च्यांचा मान कागदावरच राहिला.)

पक्षाला पुढच्या किती खुर्च्या मिळणार हे सूत्र सांगते. त्या खुर्च्यांवर कोण बसणार हे मात्र पक्ष सांगतो. उरलेले सगळे मागे.

आपल्याकडे ‘बॅकबेंचर’ म्हटले की वर्गातला टवाळखोर पोरगा डोळ्यांसमोर येतो. संसदेत त्याचा अर्थ वेगळा आहे. जो मंत्री नाही आणि विरोधी पक्षाच्या नेतृत्वातही ज्याच्याकडे जबाबदारी नाही, तो मागच्या बाकावरचा सदस्य. मग तो प्रत्यक्षात दुसऱ्या रांगेत बसो की शेवटच्या. जुन्या संसद भवनात लोकसभेच्या सभागृहाचे सहा भाग होते, प्रत्येक भागात अकरा रांगा. वयाच्या आणि अनुभवाच्या मानाने पुढच्या रांगेत बसवलेला एखादा माजी मंत्रीही पद नसेल तर मागच्या बाकावरचाच.

हा वर्ग लहान नाही. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. ५४३च्या लोकसभेत याचा अर्थ फार तर ८१ मंत्री, आणि त्यांतले काही राज्यसभेतून येतात. महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे मुख्यमंत्र्यांसह ४३. म्हणजे सभागृहातले बहुसंख्य सदस्य कायम मंत्रिपदाबाहेर असतात. सरकारवर लक्ष ठेवणे हे काम कागदोपत्री याच लोकांचे आहे, सत्ताधारी बाकांवरच्यांचेसुद्धा. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते असे राज्यघटनेचा अनुच्छेद ७५ सांगतो. ती जबाबदारी विरोधी पक्षापुरती नाही, सबंध सभागृहाला आहे.

या सदस्याकडे बसायला जागा आहे, पण त्या जागेवरून द्यायचे मत १९८५ पासून त्याचे राहिलेले नाही. ते त्याला परत द्यावे. सरकारचे अस्तित्व पणाला लागते अशी मोजकी मतदाने सोडून बाकी सर्व ठिकाणी पक्षादेश (व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षाचा हुकूम) मोडल्याबद्दल सदस्यत्व जाता कामा नये, असे माझे म्हणणे आहे.

जागा आणि मत यांचा संबंध किती थेट आहे ते आधी पाहू. लोकसभेत प्रत्येक आसनाला एक क्रमांक असतो आणि तोच त्या सदस्याचा मतविभागणी क्रमांक. मतविभागणी म्हणजे प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदणारे मतदान. आवाजी मतदानावर हरकत घेतली गेली की साडेतीन मिनिटे घंटा वाजते, मग लॉबीची दारे बंद होतात. पहिला टोला पडला की सदस्याने मतदानाची कळ आणि हिरवे, लाल किंवा पिवळे बटण एकाच वेळी दाबायचे आणि दुसरा टोला पडेपर्यंत, म्हणजे दहा सेकंद, दोन्ही दाबून धरायचे. हिरवे बाजूने, लाल विरोधात, पिवळे तटस्थ. एक बोट आधी उचलले की मत नोंदत नाही. चुकीच्या आसनावर बसून दाबले तर ते दुसऱ्याच्या नावावर जाते. ज्याचे मत नोंदलेच नाही किंवा चुकीचे नोंदले गेले, त्याला चिठ्ठी देऊन दुरुस्ती करता येते. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रित निवडणुकांचे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर नव्या सभागृहात प्रथमच यंत्राने मतदान झाले. फलकावर आकडा उमटला २२० विरुद्ध १४९. चिठ्ठ्या मोजल्यावर तो झाला २६९ विरुद्ध १९८. जवळपास शंभर मते चिठ्ठ्यांवरून आली.

मतविभागणी मागायलाही जागेवर असावे लागते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली होती. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, हौद्यात, म्हणजे पीठासनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले होते, म्हणून ती देता आली नाही, असे उपसभापतींचे म्हणणे. मागणी करणारे जागेवरच होते, असा विरोधकांचा प्रतिवाद. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. पुढे वर्षभर देश ज्यावरून ढवळून निघाला आणि जे कायदे २०२१ च्या अखेरीस मागे घ्यावे लागले, त्यांवर वरिष्ठ सभागृहात कोणी काय मत दिले याची नोंदच नाही. गोंधळाचा दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवला, तरी हे नुकसान खरे आहे.

आता मूळ दुखण्याकडे. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आले. त्याच्या परिच्छेद २(१)(ख) नुसार पक्षाने दिलेल्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, त्यासाठी आधी परवानगी घेतलेली नसली आणि पंधरा दिवसांत पक्षाने ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाते. आदेश कशाबद्दल असावा, यावर परिच्छेदात एक शब्द नाही. अर्थसंकल्पावर असो की एखाद्या मंडळाच्या नामांतरावर, शिक्षा तीच.

पक्षादेशाच्या प्रती पाहिल्या तर गंमत कळते. एकेरी अधोरेखित आदेश म्हणजे फक्त सूचना, दुहेरी म्हणजे हजर राहा, तिहेरी म्हणजे हजर राहा आणि पक्षाच्या बाजूने मत द्या. ही चढती भाजणी मुळात विषयाचे महत्त्व सांगण्यासाठी होती. आपल्याकडे तिहेरी आदेश सर्रास दिवसभरासाठी किंवा सलग काही दिवसांसाठी निघतो: सभागृहात उपस्थित राहून पक्षाच्या भूमिकेला पाठिंबा द्यावा. विधेयकाचे नावही नसते. खासदाराला आपण कशाला पाठिंबा देणार आहोत हे कळायच्या आधी तो बांधला गेलेला असतो. मग विधेयक वाचायचे कशाला? दुरुस्ती सुचवायची कोणासाठी? ‘मम’ म्हणण्यापुरते यायचे आणि बाक वाजवून जायचे.

बोलण्याचेही तसेच. कार्यमंत्रणा समिती विधेयकाला तास ठरवून देते, ते तास संख्याबळाप्रमाणे पक्षांत वाटले जातात आणि पक्षाचा प्रतोद, म्हणजे पक्षादेश काढणारा पदाधिकारी, बोलणाऱ्यांची यादी अध्यक्षांकडे पाठवतो. यादीत नाव नसेल तर संधी मिळणे जवळपास अशक्य. म्हणजे बोलावे कोणी हे प्रतोद ठरवतो, मत काय द्यायचे तेही तोच ठरवतो.

पक्षाबाहेर बोलूनही सुटका नाही. परिच्छेद २(१)(क) मध्ये ‘स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडणे’ हे अपात्रतेचे कारण आहे आणि त्यासाठी लेखी राजीनामा लागत नाही, वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या रवी नाईक खटल्यात म्हटले. त्याच तत्त्वावर २०१७ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त जनता दलाचे शरद यादव यांचे राज्यसभा सदस्यत्व गेले. पाटण्यात विरोधी पक्षांच्या सभेला जाणे हे त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीतले प्रमुख कारण होते.

या पार्श्वभूमीवर १६ डिसेंबर १९५७ चा लोकसभेतला दिवस आठवावा. फिरोज गांधी काँग्रेसचे खासदार, पंतप्रधानांचे जावई, मंत्रिपद नाही. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्ष उलटले होते. महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी ते व्यवहार आकड्यांनिशी सभागृहात मांडले, आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांसमोर. छागला आयोग नेमला गेला, चौकशी उघडपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सरकार पडले नाही. नेहरू पुढची सहा वर्षे पंतप्रधान राहिले. मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाने सरकार कोसळत नाही, सुधारते, याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण.

पक्षांतरबंदी उगाच आली नव्हती हे मान्यच करायला हवे. १९६७ नंतर राज्याराज्यांत सरकारे पत्त्यांसारखी कोसळत होती. हरियाणाच्या गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशाला मिळाला. पण रोग होता तो खुर्चीसाठी पक्ष बदलण्याचा. औषध दिले गेले ते पक्षात राहून वेगळे मत देणाऱ्यालाही. आणि चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर खरे पक्षांतर थांबलेलेही नाही. मूळ कायद्यात एक तृतीयांश फुटले तर ‘फूट’ म्हणून संरक्षण होते, ते ९१व्या दुरुस्तीने काढले. दोन तृतीयांश सदस्यांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट राहिली. एकटा फुटला तर अपराधी, घाऊक फुटले तर कायदेशीर. महाराष्ट्राला हे सांगायला नको. जून २०२२ नंतर शिवसेनेच्या दोन्ही गटांनी परस्परांवर पक्षादेश मोडल्याचे आरोप केले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा (निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा) नव्हे, राजकीय पक्षाचा, असे सांगितले. आणि १० जानेवारी २०२४ च्या निकालात विधानसभाध्यक्षांनी दोन्ही बाजूंच्या कोणालाही अपात्र ठरवले नाही. निकाल बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण तिकडे एका विधेयकावर तत्त्वाने विरोधात मत देणारा एकटा खासदार घरी जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

शिवसेना फुटली त्याच महिन्यात, २० जून २०२२ ला, विधान परिषदेची निवडणूक झाली. मतदान गुप्त होते, पक्षादेश लागू नव्हता. काँग्रेसने पहिल्या पसंतीची मते ठरवून दिलेले चंद्रकांत हंडोरे पडले. ‘बघा, पक्षादेश नसला की हे होते,’ असा युक्तिवाद यावरून हमखास होतो. मला यातून उलटे दिसते. तिथे मते फुटली कारण मत कोणाचे हे कळत नव्हते. विधेयकावरचे मत उघड असते, मतविभागणीत नावानिशी छापले जाते. उघड मत विकत घेणे महाग पडते, आणि घेतलेच तर आता त्याला वेगळा कायदा आहे. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सीता सोरेन खटल्यात १९९८ चा नरसिंह राव खटल्याचा निकाल फिरवला. लाच घेऊन मत देणाऱ्या किंवा भाषण करणाऱ्या लोकप्रतिनिधीला अनुच्छेद १०५ आणि १९४ च्या विशेषाधिकाराचे कवच मिळणार नाही. घोडेबाजाराची भीती हे पक्षादेश जसाच्या तसा ठेवण्याचे सर्वांत वजनदार कारण होते. त्यातली बरीचशी हवा या निकालाने गेली आहे.

दुसरा आक्षेप स्थैर्याचा. एखादे विधेयक पडले तर सरकारची नाचक्की होईल, मग राज्य चालायचे कसे? ब्रिटनमध्ये १५ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. त्यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधात मत दिले. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला आणि त्या ३२५ विरुद्ध ३०६ अशा वाचल्या. करार नको म्हणणाऱ्यांना सरकारही नको होते असे नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन वेगळ्या दिवशी विचारता येतात. तिथेही प्रतोद आहेत, तिहेरी आदेश आहेत, बंडखोरांना पक्षातून काढतातही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २१ जणांना काढले. पण त्यांची खासदारकी शाबूत राहिली. ती घ्यायची की नाही हे पुढच्या निवडणुकीत मतदारसंघ ठरवतो. पक्षाने तिकीट नाकारावे, पद काढून घ्यावे, तो त्याचा अधिकार आहे. आसन काढून घेण्याचा अधिकार पक्षाला देणे हे आपले वेगळेपण.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच, किहोतो होलोहान खटल्यात, दहावे परिशिष्ट वैध ठरवताना ही अडचण ओळखली होती. अपात्रतेपर्यंत नेणारा आदेश विश्वासदर्शक मतापुरता, किंवा पक्षाने ज्या धोरणावर मते मागितली त्याच्या गाभ्याशी संबंधित प्रस्तावापुरता असावा, आणि मोडल्यास काय होईल हे आदेशातच स्पष्ट लिहिलेले असावे, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी १९९० मध्ये निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीनेही आदेशाची व्याप्ती आवळण्याचीच शिफारस केली होती. म्हणजे मागणी नवी नाही. ती कशी अमलात आणायची एवढाच प्रश्न आहे.

दुरुस्ती दोन-तीन ओळींची आहे. परिच्छेद २(१)(ख) च्या आदेशाला मर्यादा घालावी: विश्वास वा अविश्वास प्रस्ताव, अर्थसंकल्प आणि अनुदानाच्या मागण्या, धन विधेयक (फक्त कर आणि सरकारी पैशांबाबतचे विधेयक), आणि राष्ट्रपती वा राज्यपालांच्या अभिभाषणावरील आभार प्रस्ताव. शेवटचा काहींना अनावश्यक वाटेल, पण अभिभाषण हे सरकारचे धोरणपत्र असते आणि आभार प्रस्तावाचा पराभव हा संकेताने सरकारवरचा अविश्वासच मानला जातो, म्हणून तो ठेवावा. घटनादुरुस्ती विधेयके मात्र या यादीत मुळीच नकोत. तिथे विशेष बहुमत मागण्याचे प्रयोजनच हे, की पक्षापलीकडे जाऊन सहमती व्हावी. आदेशाने जमवलेले दोन तृतीयांश म्हणजे नुसती बेरीज. धन विधेयकाच्या नावाखाली भलतेच विधेयक रेटले जाण्याचा धोका राहतो, कारण तो शिक्का अध्यक्ष देतात. म्हणून अपात्रतेच्या बाबतीत तरी त्या शिक्क्याची न्यायालयीन तपासणी खुली ठेवावी. सोबत परिच्छेद ४ चा विलीनीकरणाचा आडोसा काढून टाकावा. पक्ष बदलायचा असेल तर एकट्याने किंवा शंभरांनी, राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावे.

राज्यसभेत आणि विधान परिषदेत तर अपात्रतेचा पक्षादेश पूर्णच रद्द करावा. मंत्रिमंडळ त्या सभागृहांना जबाबदार नाही, तिथल्या मतदानाने सरकार पडत नाही. स्थैर्याचे जे एकमेव समर्थन आहे ते या सभागृहांना लागूच होत नाही. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ सदस्यांना विधेयकाचा फेरविचार करण्यासाठी बसवले आहे. आदेशाने बांधलेला माणूस फेरविचार कसला करणार?

दुरुस्ती होईपर्यंतही करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला घटनेला हात लावावा लागत नाही. विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री त्यांत नसतात, बैठका बंद दाराआड होतात, पक्षादेश तिथे चालत नाही. मागच्या बाकावरचा खासदार खऱ्या अर्थाने काम करतो तो इथे. अधिकाऱ्यांना बोलावतो, आकडे मागतो, पक्षाच्या पलीकडे जाऊन अहवालावर सही करतो. पण विधेयके तिकडे जायला हवीत. १५व्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. १७व्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. त्यातून समितीची मुदत एक वर्षाची. विषय समजेपर्यंत सदस्य बदलतो. किमान अडीच वर्षे मुदत आणि प्रत्येक सरकारी विधेयक आपोआप समितीकडे, पाठवायचे नसेल तर कारण सभागृहात सांगायचे, एवढा नियमबदल पुरेसा आहे.

आणि शुक्रवार. मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयके आणि ठराव यांसाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात, एका शुक्रवारी विधेयके, पुढच्या शुक्रवारी ठराव. अशा विधेयकाचा कायदा झाल्याला १९७० पासून अर्धशतक उलटून गेले. एकूण चौदाच झाले. शुक्रवारी दुपारी निम्मे खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात. गणपूर्तीला, म्हणजे कामकाजासाठी लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५ सदस्य लागतात, तेवढेही जमवताना दमछाक होते. ही वेळ बुधवारी सकाळी प्रश्नोत्तराचा तास संपल्याबरोबर घ्यावी, चर्चा पूर्ण झालेल्या प्रत्येक विधेयकावर मतविभागणी सक्तीची करावी, आणि त्या अडीच तासांत कोणत्याही पक्षाने पक्षादेश काढू नये असा निर्णय कार्यमंत्रणा समितीने एका बैठकीत घ्यावा. त्या समितीवर सगळे मोठे पक्ष असतात.